नैराश्य समोर दिसतं, बायपोलर शोधावा लागतो

समोर बसलेला माणूस खाली मान घालून सांगतो, की महिना झाला, कशातच मन लागत नाही. सकाळी उठवत नाही, जेवणावरची वासना गेली, कामात लक्ष नाही, रात्री अडीचला जाग येते ती येतेच. आणि अधूनमधून वाटतं, की आपण नसलो तरी कुणाचं काही अडणार नाही. नैराश्याच्या निदानासाठी नऊपैकी पाच लक्षणं सलग दोन आठवडे असावी लागतात, आणि त्यांत उदास मन किंवा सगळ्यातला रस जाणं यांपैकी एक तरी असावंच लागतं. इथे ती अट सहज पुरी होते. डॉक्टर नैराश्यावरची गोळी लिहून देतात, तीन आठवड्यांनी बोलावतात. कागदावर यात कुठेही चूक नाही.

चूक असलीच तर न विचारलेल्या प्रश्नात असते: 'याच्या अगदी उलट असं कधी झालं होतं का?'

गुंतागुंतीच्या मानसिक आजाराचं निदान कसं करायला हवं, हे समजून घ्यायला बायपोलरइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. बायपोलर म्हणजे मन कधी नैराश्याच्या, तर कधी उन्मादाच्या, म्हणजे अति उत्साहाच्या किंवा चिडीच्या, टोकाला जाण्याचा आजार. आज दिसतंय ते निव्वळ नैराश्य आहे की बायपोलरचा खालचा टप्पा, हे आजच्या लक्षणांवरून ठरत नाही. दोन्हींतला माणूस जवळपास सारखाच दिसतो आणि सारखंच बोलतो. फरक असतो तो मागच्या पाच, दहा, पंधरा वर्षांत, आणि उपचार त्या फरकावर ठरतात. बायपोलरमध्ये नैराश्यावरची गोळी एकटीच दिली तर काहींना ती दुसऱ्या टोकाला ढकलते, काहींचे चढउतार आणखी जवळजवळ येऊ लागतात, आणि अनेकांना तिचा धड उपयोगच होत नाही. मग ही गोळी नाही तर ती, असं करत वर्षं जातात. गरज असते ती लिथियमसारख्या, मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची.

हे इतक्या वेळा का निसटतं, याचं उत्तर आजाराच्या चालीत आहे. अमेरिकेत बायपोलरच्या रुग्णांचा साधारण तेरा वर्षं पाठपुरावा करून त्यांचा प्रत्येक आठवडा कसा गेला याची नोंद ठेवली गेली होती. बायपोलर-१ (ज्यात पूर्ण उन्माद येतो) असलेले लोक जवळपास एकतृतीयांश आठवडे नैराश्यात होते, उन्मादात किंवा सौम्य उन्मादात एकदशांशाहून कमी. बायपोलर-२ मध्ये (ज्यात उन्माद फक्त सौम्य असतो) निम्मे आठवडे नैराश्यात गेले आणि सौम्य उन्मादात शंभरातला जेमतेम एक-दीड. म्हणजे हा माणूस डॉक्टरांकडे जाईल तेव्हा नैराश्यात असण्याचीच शक्यता दांडगी. शिवाय चढत्या काळात कुणी दवाखान्यात जातच नाही. जाईल कशाला? त्याला तर आयुष्यात पहिल्यांदाच सगळं छान चाललंय असं वाटत असतं. तिथल्याच २००० सालच्या एका सर्वेक्षणात बायपोलर असलेल्या दहापैकी सात जणांनी आपलं निदान आधी चुकलं होतं असं सांगितलं. त्यांतल्या एकतृतीयांशाहून जास्त लोकांना योग्य निदानापर्यंत पोचायला दहा किंवा त्याहून अधिक वर्षं लागली होती.

उन्माद म्हणजे नेमकं काय

'मूड स्विंग' हा शब्द आता कॉलेजातल्या रुसव्यापासून पाळीच्या आधीच्या चिडचिडीपर्यंत सगळ्याला वापरला जातो, त्यामुळे निदानाच्या कामाचा तो राहिलेला नाही. दुपारी वैताग आणि संध्याकाळी आनंद, याला बायपोलर म्हणत नाहीत. उन्मादाला मुदत असते. मन अतिशय उल्हसित, फुगलेलं किंवा चिडकं होतं, त्यासोबत ऊर्जा आणि हालचाल ठळकपणे वाढते, आणि हे दिवसातला बहुतेक वेळ, रोज, किमान एक आठवडा टिकतं. रुग्णालयात दाखल करावं लागलं तर आठवड्याचीही अट राहत नाही. यात सातपैकी तीन लक्षणं हवीत: स्वतःबद्दल अवास्तव मोठेपणा, झोपेची गरज कमी होणं, अखंड बडबड, डोक्यात विचारांची शर्यत, लक्ष सतत इकडेतिकडे उडणं, एकाच वेळी दहा कामं हाती घेणं किंवा नुसतीच अस्वस्थ येरझार, आणि परिणामांचा विचार न करता केलेला खर्च, गुंतवणूक, शरीरसंबंध, वेगात गाडी चालवणं. मन नुसतंच चिडकं असेल आणि उल्हास अजिबात नसेल तर तीनऐवजी चार लक्षणं लागतात.

सौम्य उन्मादात, म्हणजे हायपोमॅनियात, लक्षणं हीच असतात, पण मुदत सलग चार दिवसांची. माणूस नेहमीसारखा नाही हे आजूबाजूच्यांना कळतं, तरी नोकरी-संसार मोडून पडत नाही आणि दाखल करण्याची वेळ येत नाही. भ्रम किंवा भास झाले, तर तो सौम्य राहत नाही, तो उन्मादच. ही मोजमापं डीएसएम-५ या अमेरिकेच्या मनोविकार-निदानाच्या पुस्तिकेतली. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-११, सौम्य उन्मादासाठी चारचा आकडा न घालता 'काही दिवस' म्हणतं. एकदा जरी पूर्ण उन्माद झाला असेल तर निदान बायपोलर-१, मग नैराश्य आलेलं असो वा नसो. सौम्य उन्माद आणि ठळक नैराश्य हे दोन्ही होऊन गेले असतील आणि पूर्ण उन्माद कधीच झाला नसेल, तर बायपोलर-२.

चिडक्या उन्मादाबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे तो हमखास निसटतो. उन्माद म्हणजे हसणारा, गाणारा, नोटा उधळणारा माणूस अशी प्रतिमा डोक्यात घट्ट बसली आहे. प्रत्यक्षात तीन आठवड्यांत साहेबाशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी आणि सख्ख्या भावाशी भांडण, पोलीस चौकीत तक्रारअर्ज, रात्री दोनला लिहिलेल्या लांबलचक ईमेल असंही त्याचं रूप असतं. घरचे म्हणतात, 'हल्ली फार तापट झालाय.' तापटपणा स्वभावात असेल तर तो वर्षभर दिसतो. एका ठरावीक आठवड्यात उगवला, झोप कमी होण्यासोबत आला आणि तसाच ओसरला, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये.

'झोप कमी झाली होती का?' हा प्रश्न चुकीचा आहे

मराठीत हा प्रश्न विचारला की नैराश्यातला माणूसही 'हो' म्हणतो आणि उन्मादातून गेलेलाही. दोघंही खरंच सांगतात. नैराश्यात झोप हवी असते पण लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अंग ओढत न्यावं लागतं. उन्मादात झोप नकोशीच असते: तीन तास झोपून माणूस उठतो आणि ताजातवाना असतो. निदान वळवण्याची ताकद असलेला फरक इतकासाच आहे. म्हणून प्रश्न असा हवा: 'सलग चार-पाच दिवस असे कधी आले होते का, की रोज तीन-चार तासच झोपलात, पण थकवा म्हणून नाही?' परीक्षेच्या आदल्या रात्री चहा पिऊन जागणं किंवा तान्ह्या बाळासाठी जागणं यात धरायचं नाही.

उत्तर 'हो' आलं की तिथेच थांबायचं नाही. त्या तासांत काय केलंत? कपाटं आवरलीत, भिंती रंगवल्यात, नवा धंदा काढलात, जुन्या मित्रांना पहाटे चारला फोन केलेत? ते दिवस कसे संपले? घरातल्या कुणाच्या लक्षात आलं का? काही गोळी, स्टिरॉइड, दारू, गांजा त्याच सुमारास सुरू किंवा बंद झाला होता का?

मूडबद्दल आधी विचारू नये, कृतीबद्दल विचारावं. आपल्याला तेव्हा काय वाटत होतं हे माणूस विसरतो किंवा आजच्या मनाच्या रंगात रंगवून सांगतो. नैराश्यात बसलेल्याला तर आपण कधी काळी खुशीत होतो हेच खरं वाटत नाही. पण आपण काय केलं ते आठवतं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ ने उन्मादाच्या मुख्य अटीत मूडच्या जोडीला ऊर्जा आणि हालचाल बसवली, ते याचसाठी फार उपयोगी ठरलं.

सोबत कोण येतं, यावर बरंच अवलंबून असतं

सौम्य उन्माद घरच्यांना आजार वाटत नाही, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'मागच्या वर्षी बघा, किती हुरूप होता त्याला! रात्ररात्र काम करायचा, सगळ्यांशी बोलायचा.' घरच्यांच्या मते तोच खरा तो, आणि आजार आत्ता आला. म्हणून त्यांना 'उन्माद झाला होता का' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येणार. 'तो नेहमीपेक्षा जास्तच उत्साहात होता असा एखादा काळ सांगा' असं विचारलं की तपशील वाहू लागतात.

सोबत त्याच घरात राहणारी व्यक्ती हवी. गावाहून दोन दिवसांपूर्वी आलेल्या काकांना झोपेचं काही सांगता येणार नाही. पत्नी, आई, खोलीतला मित्र यांना येईल. रुग्णाशी एकट्याने बोलणं, त्याच्या संमतीने नातेवाइकांशी वेगळं बोलणं आणि मग सगळ्यांशी एकत्र, अशा तीन भागांत मुलाखत झाली तर उत्तम. सुनेबद्दल सासरच्यांनी दिलेली माहिती आणि माहेरच्यांनी दिलेली माहिती अनेकदा जुळत नाही. दोन्ही ऐकाव्यात आणि लग्नाआधीचा काळ माहेरच्यांकडूनच घ्यावा. कुटुंबात कुणाला असा आजार होता का, हेही सरळ विचारून कळत नाही. 'कुणी आत्महत्या केली होती का, कुणी घर सोडून गेलं होतं का, कुणाला शॉक द्यावे लागले होते का, कुणी अचानक जमीन विकली होती का', अशा प्रश्नांतून बाहेर येतं. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत बायपोलर असेल तर धोका सर्वसाधारण माणसाच्या कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे हे प्रश्न ओशाळून टाळू नयेत.

आठवणीपेक्षा नोंदी विश्वासार्ह. बँकेच्या पासबुकात एका महिन्यात अचानक वाढलेले व्यवहार, ॲपवरून घेतलेली कर्जं, व्हॉट्सॲपवर पहाटे तीन ते पाचमधले संदेश, कामावरच्या रजांचा हिशेब, एका सत्रात घसरलेले आणि पुढच्यात चढलेले गुण, जुनी डिस्चार्ज कार्डं. यांतलं दोन-तीन हाती आलं तरी चित्र खूप स्पष्ट होतं.

हे सगळं एका तक्त्यावर उतरवावं. वहीचा मोठा कागद आडवा धरा, मध्यभागी एक आडवी रेष काढा आणि तिच्यावर डावीकडून उजवीकडे वर्षं लिहा. सुरुवात साधारण बारा-तेराव्या वर्षापासून, कारण बायपोलरची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते. आधी न विसरता येणारे टप्पे टाका: दहावी-बारावी, नोकरी, लग्न, बाळंतपण, घरातला मृत्यू, २०२० चं लॉकडाऊन. त्यांच्या आधाराने बाकीचं आठवतं: 'गणपतीत तो आजारी होता, दिवाळीला बरा होता.' नैराश्याचे काळ रेषेखाली, चढते काळ रेषेवर, आणि तीव्रतेप्रमाणे पट्टा जाड-बारीक. सर्वांत खाली औषधांची वेगळी ओळ: नाव, मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख. या ओळीने अनेक कोडी सुटतात. नैराश्यावरची गोळी सुरू झाली आणि दोन-चार आठवड्यांत वरचा पट्टा सुरू झाला, हे वेगवेगळ्या केसपेपरांवर कधी दिसत नाही, तक्त्यावर एका नजरेत दिसतं. गोळीने उन्माद उमटला तर तो तेवढ्यावरच बायपोलर धरायचा का, याचीही कसोटी आहे: औषधाचा असर ओसरायच्या काळानंतरही पूर्ण लक्षणं टिकली तर धरायचा. चोवीस तास अस्वस्थ वाटून गेलं, तर नाही.

ही पद्धत नवी नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवत आणि वर्षानुवर्षं त्याचं पुढे काय झालं हे त्यावर टिपत. १८९९ मध्ये त्यांनी आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो तो आजार आणि उन्माद-नैराश्याचा आजार हे वेगळे केले ते प्रामुख्याने आजाराच्या वाटचालीवरून. सव्वाशे वर्षांनंतरही बायपोलर दाखवणारी रक्ताची तपासणी नाही आणि मेंदूचा स्कॅनही नाही. वाटचाल हाच पुरावा आहे.

शरीराकडे पाहिल्याशिवाय मनाचं निदान नाही

मग रक्त तपासायचं कशाला? मनोविकारासारखं दिसणारं दुसरं काही नाही ना, हे पाहायला. थायरॉइड (टीएसएच) आधी: तो मंदावला तर हुबेहूब नैराश्य, अति झाला तर धडधड, अस्वस्थता, कमी झोप. हिमोग्लोबिन, बी-१२ (शाकाहारी घरांत विशेष), साखर, सोडियम, कॅल्शियम, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. गरजेप्रमाणे एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी). मूत्रपिंड आणि थायरॉइड पुढे लिथियम द्यायचं झालं तरी लागतातच, म्हणून आधीच झालेले बरे.

चालू असलेली औषधं हा दुसरा मोठा मुद्दा, आणि इथे लोक गोळ्यांची नावं सांगत नाहीत, 'दम्याची', 'सांध्याची' एवढंच सांगतात. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत. प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर गेलं की उन्माद किंवा भ्रम होण्याचा धोका ठळकपणे वाढतो. क्षयरोगावरच्या सायक्लोसेरीनमुळे आणि कधी कधी आयसोनियाझिडमुळेही मानसिक लक्षणं येतात. आपल्याकडे क्षयाचे रुग्ण इतके असताना हा प्रश्न सुटता कामा नये.

दारू पिणाऱ्याचं नैराश्य दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत पुष्कळदा आपोआप निवळतं. म्हणून साधारण महिनाभर कोरडा काळ मिळाल्याशिवाय पक्कं निदान लिहिणं घाईचं होतं. पण दारू अचानक घरी थांबवू नये. रोज पिणाऱ्याला झटके (फिट) येऊ शकतात, ते वैद्यकीय देखरेखीखाली व्हावं. गांजाचंही तसंच: भास गांजामुळे आहेत की गांजा फक्त निमित्त झाला, हे तो थांबवून पाहिल्यावर कळतं. लघवीची तपासणी अपमान म्हणून घेऊ नये.

काही चिन्हं दिसली की मनोविकाराचं लेबल बाजूला ठेवून आधी न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिशियन गाठावा. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच उन्माद. तासातासाला बदलणारी शुद्ध, दिवस-रात्रीचं किंवा जागेचं भान नसणं. ताप, झटके, नवी डोकेदुखी. डोळ्यांना दिसणारे पण कानांना न ऐकू येणारे भास. आणि तरुण मुलगी काही दिवसांत एकदम बिघडली, असंबद्ध बोलू लागली, तोंडाच्या विचित्र हालचाली, झटके, मग बोलणंच बंद, तर मेंदूचा स्वप्रतिकारक दाह, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूला आणलेली सूज, असू शकतो. तो एमआरआय, ईईजी आणि पाठीच्या पाण्याच्या तपासणीने शोधावा लागतो, वेळेत सापडला तर उपचार आहेत.

भास दिसले म्हणून स्किझोफ्रेनिया नव्हे

तीव्र उन्मादात माणसाला आवाज ऐकू येऊ शकतात, आपण अवतार आहोत किंवा लोक आपल्या मागावर आहेत असं वाटू शकतं. अशा अवस्थेत आणीबाणीत आणलेल्या तरुणाच्या कागदावर एकदा 'स्किझोफ्रेनिया' लिहिलं गेलं, की पुढचा प्रत्येक डॉक्टर ते उतरवून घेतो. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण लंडनपेक्षा खूप जास्त आणि उन्माद-नैराश्याचं खूप कमी दिसत होतं. दोन्हीकडच्या रुग्णांना एकाच ठरलेल्या मुलाखतीने आणि एकाच निकषांनी तपासलं, तेव्हा तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. रुग्ण वेगळे नव्हते, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या.

विचारायचं ते असं: मन नॉर्मल असताना, म्हणजे ना चढतं ना उतरतं, भास-भ्रम होते का? किती दिवस? भ्रम फक्त चढत्या-उतरत्या काळातच असतील आणि मूड सावरला की जात असतील, तर तो मूडचाच आजार. मूडचा त्रास नसतानाही दोन आठवडे किंवा जास्त भ्रम-भास टिकले आणि एरवी मूडचे टप्पेही मोठे असतील, तर स्किझोअफेक्टिव्हचा विचार. स्किझोफ्रेनियासाठी डीएसएम एकूण सहा महिन्यांची खूण मागतं, आयसीडी एका महिन्याची. महिन्याच्या आत पूर्ण बरा झालेला तीव्र झटकाही असतो, आणि तो पुन्हा कधी येतही नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात 'सायकोसिस (म्हणजे भ्रम-भासाची अवस्था), तपास चालू' एवढंच लिहिणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत असा झटका आला तर बायपोलरची शंका आधी घ्यावी, आणि ती आणीबाणी समजावी. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

भासाबद्दल विचारतानाही शब्द जपून वापरावे लागतात. 'आवाज येतात का?' याला 'हो, शेजारी फार आवाज असतो' असंही उत्तर मिळतं. 'आजूबाजूला कुणी नसताना, कानांनी, आपल्या बोलण्यासारखं स्पष्ट ऐकू येतं का? की मनातल्या मनात विचार येतात?' असं विचारावं. अंगात येण्याचंही तसंच आहे. जत्रेत, ठरलेल्या वेळी, समाजाने मान्य केलेल्या रीतीत अंगात येतं आणि नंतर ती बाई नेहमीसारखी घरकामाला लागते, त्याला आजार म्हणत नाहीत. तेच अवेळी, इच्छेविरुद्ध, वारंवार होऊ लागलं, त्रास देऊ लागलं, झोप-जेवण बिघडलं, तर तपासायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातही स्पष्ट लिहिलंय, की समाजाच्या रूढींशी, नैतिक कल्पनांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाशी गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. तिथे मन तासांत फिरतं आणि जवळच्या नात्यातल्या तुटण्याच्या, नाकारलं जाण्याच्या भीतीने फिरतं. बायपोलरमध्ये दिवस-आठवडे टिकणारा टप्पा असतो आणि तो अनेकदा काही न घडताही येतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. अवधानाचा विकार, म्हणजे एडीएचडी, वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून सतत दिसतो. तिशीत अचानक सुरू झालेली चंचलता एडीएचडी नव्हे.

प्रश्नावल्या

नैराश्य चाळण्यासाठीच्या पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न आहेत, गुण शून्य ते सत्तावीस, दहा किंवा जास्त आले तर नैराश्याची शंका. ती मागच्या दोनच आठवड्यांबद्दल विचारते, उलट टोकाबद्दल अक्षरही नाही. बायपोलर चाळण्यासाठीच्या एमडीक्यूमध्ये तेरा हो-नाही प्रश्न असतात. सात 'हो', ती लक्षणं एकाच काळात आणि त्यामुळे बऱ्यापैकी अडचण, तर पुढे तपासावं. 'पुढे तपासावं' याहून जास्त अर्थ तिचा नाही: बॉर्डरलाइन असलेल्यांनाही त्यात सहज सात मिळतात आणि बायपोलर-२ असलेले सुटूनही जातात. मोबाइलवर चाचणी देऊन स्वतःला लेबल लावून येणारे हल्ली वाढलेत. त्यांना हसू नये, त्यांचा त्रास खराच असतो, पण तो आकडा म्हणजे निदान नव्हे.

दहा मिनिटांच्या ओपीडीत

पहिल्या नीट तपासणीला पाऊण ते एक तास लागतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांतही आहेत, पण गर्दीत तासभर कुणालाच मिळत नाही. म्हणून घरून तयारी करून जावं: वरचा तक्ता आणि एक पानभर टिपण. टिपणात आजचा त्रास तीन ओळींत, तो सुरू झाल्याची तारीख, झोपेचे सरासरी तास, आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न, दाखल केल्याचे प्रसंग, घरातला इतिहास, सगळी औषधं डोससकट, आणि दारू-तंबाखू-गांजा खरा खरा. नैराश्य पंचविशीच्या आत सुरू झालं असेल, वारंवार येत असेल, त्यात झोप आणि भूक उलट वाढत असेल, भ्रम झाले असतील किंवा गोळीने अचानक बेचैनी आली असेल, तर त्या ओळी अधोरेखित कराव्यात. बायपोलरकडे बोट दाखवणाऱ्या याच खुणा आहेत.

आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. घरच्यांनीही विचारावं. उदास मन आणि उन्मादाची तडफड एकाच वेळी असते ती मिश्र अवस्था सर्वांत धोक्याची: निराशा आहे आणि कृती करायला अंगात ताकदही आहे. अशा वेळी निदानाची वाट पाहत बसू नये, जवळच्या रुग्णालयात न्यावं, एकटं सोडू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

निघताना डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीनच आहेत. सध्या तुम्ही कोणतं निदान धरून चालला आहात? त्याशिवाय कोणत्या शक्यता अजून उघड्या आहेत? काय दिसलं तर तुम्ही निदान बदलाल? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न खटकत नाहीत. निदान लिहिणं आणि औषध देणं हे मनोविकारतज्ज्ञाचं काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि सविस्तर मुलाखतीने त्याला मोठा आधार देतात, गोळ्या लिहून देत नाहीत. आपल्या उपचारांची कागदपत्रं मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिलेला आहे, ती मागून घ्यावीत आणि एका फायलीत लावावीत. दुसरं मत घ्यायला जाताना ती फाइल न्यावी. पहिल्या डॉक्टरांचं मत दडवून 'बघू हे काय म्हणतात' असं केलं, की दुसऱ्यांनाही तीच अर्धी माहिती मिळते आणि तीच चूक पुन्हा होते.

दोन वर्षांनी नैराश्याचं निदान बदलून बायपोलर झालं, तर पहिले डॉक्टर चुकले असंच नाही. वरचा टप्पा तोवर आलेलाच नसू शकतो. निदान बदललं तरी जुनं औषध आपल्या मनाने एकदम थांबवू नये. लिथियम झटक्यात बंद केलं तर उन्माद उसळून येण्याचा धोका असतो, आणि नैराश्यावरच्या गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, बेचैनी, निद्रानाश होतो. तेच पुन्हा 'आजार उलटला' म्हणून तक्त्यावर चुकीचं नोंदलं जातं.

तक्ता पहिल्या भेटीनंतरही चालू ठेवायचा. रोज रात्री एक ओळ पुरते: किती तास झोप, मूडला उणे पाच ते अधिक पाचमध्ये एक आकडा, औषध घेतलं की नाही, आणि काही वेगळं घडलं असेल तर दोन शब्द. बाई असेल तर पाळीची तारीखही. वर्षात चार किंवा जास्त टप्पे दिसले तर त्याला 'रॅपिड सायकलिंग' असं वेगळं नाव आहे आणि उपचारही वेगळ्या अंगाने बघावे लागतात, थायरॉइड पुन्हा तपासावा लागतो. आणि झोप सलग दोन-तीन रात्री पाच तासांच्या खाली येऊनही माणूस ताजातवाना असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.